टाकीतला ठोसेवाला

जावयाला मी त्याच्याच दारात मारलं. जोडा काढून नाही, हातानं. जोड्यानं मारलं असतं तर नुसता अपमान झाला असता. त्याला लागायला पाहिजे होतं. पनवेलकडची बिल्डिंग, जिन्यात शेजारपाजार गोळा झालेला. एक बाई म्हणाली, "अहो बाबा, जावई आहे तो तुमचा." मी म्हणालो, "म्हणून तर मारायलोय. परक्याला कशाला मारू?"

त्यानंही मारलं मला, खोटं कशाला सांगू. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. पण शेवटी खाली तो होता आणि वर मी होतो. सत्तरीच्या जवळ आलेला माणूस, चौथी शिकलेला, आयुष्यभर झरीच्या शिवारात बैलं हाकलेला. वखराला धरलेला हात आहे हा, एवढ्या लवकर ढिला पडत नाही.

कारण असं की माझी लेक तिथं नांदत होती आणि तो तिच्यावर हात टाकत होता. हे तिनं कधी सांगितलं नाही, तिथं पोचल्यावर तिच्या अंगावरचे वळ बघून कळलं. त्यांच्या बिल्डिंगखाली पाळायच्या माशांचं दुकान होतं. दुकानातल्या बाईकडून शिकून लेकीनं घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली होती. त्यात समुद्रातले दगड, दगडावर फुलासारखी उमलणारी जिवंत पोवळी, रंगीत मासे. एक दिवस त्या गड्यानं टाकीत वरवंटा घातला. तेव्हा तिचा फोन आला. रडत नव्हती. "दादा, मासे फरशीवर तडफडायलेत, काय करू?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "बादलीत टाक. निघालो मी."

लेकीला घेऊन आलो. तिनं दागिना घेतला नाही, भांडं घेतलं नाही. दगड ओल्या कागदात गुंडाळले, वाचलेली जनावरं हवा भरलेल्या पिशव्यांत घातली आणि थर्माकोलच्या खोक्यांत भरून मांडीवर घेऊन बसली. घरी आल्यावर आमची मंडळी, लेकीची आई, माझ्यावरच उसळली.

"जावयाला कुनी मारतं का? धोंड्याच्या महिन्यात पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घातले त्याला!"

"त्यातला एक द्यायचा राहिला होता, तो देऊन आलो," मी म्हणालो.

लेक हसली. कितीतरी महिन्यांनी हसली असेल.

पुढच्या खोलीत टाकी उभी राहिली. काच परभणीहून आणली, खालचा लोखंडी घोडा गावातल्याच वेल्डिंगवाल्यानं केला. आमच्या बोअरचं पाणी खारट, तोंडात धरवत नाही. मी म्हणालो, खारंच पाहिजे ना, मग हेच भर. लेक म्हणाली, "दादा, हे जमिनीचं खारं. ह्यानं मरतील." तिनं फिल्टरच्या पाण्याचे जार आणले, त्यात समुद्राचं विकतचं मीठ घोळलं, काचेच्या नळीनं खारटपणा मोजला. पिशव्यांतली जनावरं तात्पुरती एका टबात ठेवली आणि टाकीत नुसतं पाणी आणि दगड. जनावरांना मानवेल असं पाणी आधी पिकावं लागतं म्हणे. आठवडे गेले तरी दगडच. माझा चुलत भाऊ रोज येऊन बसायचा.

"भाऊ, लोक कुत्री पाळतेत, शेरडं पाळतेत. तुमी दगड पाळले का?"

"हो. एखादा तुझ्या डोस्क्यात घालायला."

मग एकेक जनावर टाकीत उतरलं. बघायला गाव लोटलं. सगळे म्हणायचे, काय शांत वाटतं बघून. मला हसू यायचं. मी खुर्ची टाकून तासन्तास बघितलंय, माझ्या ध्यानात पहिल्याच आठवड्यात आलं की हा खाटीकखाना आहे. तिथं बोटंबोटं असलेलं एक मोठं फूल होतं. फूल कसलं, जनावरच. एक निळा मासा चुकून त्याला घासला, तर त्यानं बोटांनी धरून जिताच आत ओढला. शेपूट किती तरी वेळ बाहेर वळवळत होतं. त्याच फुलात नारंगी मासोळ्यांची जोडी घर करून राहायची. बोटभर जीव, पण मी काच पुसायला हात घातला की मादी येऊन कडाडून चावायची. शेजारशेजारची पोवळी बांधावरच्या भावकीसारखी एकमेकांना डसायची. ज्याला जागा कमी पडली तो दुसऱ्याला जाळून पुढं सरकायचा. एक खेकडा दुसऱ्याला त्याच्या शंखातून ओढून काढून, खाऊन, त्याच शंखात शिरला. मला ही टाकी आवडली ती यासाठी. तिथं कुणी वरून गोड बोलत नव्हतं.

टणक पोवळं घरात ठेवायला कायद्याची बंदी आहे, आमची सगळी मऊ जातीची. एवढं मला आता ठाऊक आहे.

लेकीला पुण्याला लॅबमधल्या कामाचं शिकायला जागा मिळाली. काही महिने तिथंच राहायचं. जाताना तिनं मला खुर्चीत बसवलं आणि समोर उभी राहिली, शाळेतल्या बाई उभ्या राहतात तशी.

"दादा, पाणी उडतं, मीठ उडत न्हाई. म्हणून रोज जेवढं उतरलं तेवढं फिल्टरचं गोडं पाणी टाकायचं. मीठ टाकायचं न्हाई."

"कळलं."

"आन दुसरं. ही जनावरं म्या त्या घरातून जीव मुठीत धरून आणलेत. यातलं कायबी मेलं तर मला त्याच दिवशी सांगायचं. लपवायचं न्हाई. त्या घरात माझ्यापासून समदं लपवायचे. तुमी लपवलं तर पुन्हा तुमच्यावर म्या कशाचाच भरवसा ठेवणार न्हाई."

"माझा शब्द आहे," मी म्हणालो. गावात माझ्या शब्दावर व्याह्यांच्या बैठकी उठल्यात आणि बसल्यात.

आमच्याकडची हवा कोरडी. पंखा लावला की टाकीतलं पाणी बोटानं मोजावं असं उतरायचं. रोज पाणी टाकायचं काम मंडळींनी आपल्याकडं घेतलं. जार उचलून ओतायला जड, म्हणून ती ते पाणी आदल्या दिवशी हंड्यात काढून ठेवायची आणि सकाळी तांब्यानं टाकीत सोडायची. आंघोळ झाल्यावर, देवाला पाणी घालतात तसं.

मग शंख मरायला लागले. काचेवरचं शेवाळ खाणारे गरीब जीव ते. पहिला सापडला तो फुटलेला, कुणी हातोडी घातल्यासारखा. पाठोपाठ खेकड्याचं नुसतं टरफल. आणि एका दुपारी मी खुर्चीत पेंगलो होतो, तर आवाज आला. टक्. भिंतीवर खडा मारल्यासारखा. पुन्हा, टक्.

मी काचेला नाक लावलं. खालच्या दगडाच्या बिळातून दोन डोळे बाहेर आले. देठावर बसवलेले डोळे, एक इकडं फिरतोय, एक तिकडं. मागून हिरवंगार अंग, झिंग्याच्या जातीचं, छातीखाली दोन मुठी आवळून धरलेल्या. समोरून शंख चालला होता. मूठ सुटलेली मला दिसलीच नाही, फक्त टक् झालं आणि शंखाचा कोपरा उडाला. दगडात लपून तो समुद्रापासून झरीपर्यंत आला होता आणि लेकीलाही त्याचा पत्ता नव्हता. त्याचं नाव मी ठोसेवाला ठेवलं.

त्या दिवशीच लेकीला सांगायला पाहिजे होतं म्हणता? मी म्हणतो, घरात चोर सापडला तर आधी चोर धरायचा, मग सांगायचं. संध्याकाळी तिचा फोन आला. "समदे जिते हायेत ना दादा?" मी म्हणालो, "ठणठणीत."

सायकलच्या चाकाची तार काढून दगडावर घासली, टोक केलं. बिळासमोर झिंग्याचा तुकडा दोऱ्याला बांधून सोडला. तो यायचा, तुकडा तोडायचा, मी तार मारेपर्यंत आत. तार काचेला लागून चरे पडले. एकदा पाठीला ओझरती लागली तर त्यानं वळून तारेलाच ठोसा घातला, माझ्या मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटला. एवढंसं जनावर, कोपऱ्यात कोंडलेलं, आणि माघार नाही.

दिवस गेले. आता शंख न फुटताही मरायला लागले होते. उताणे पडायचे आणि सडायचे. पोवळी मिटायला लागली. सकाळी उमलायची ती दुपारपर्यंत मुठी मिटून बसायची, मग उमलेनाशीच झाली. मोठ्या फुलाची बोटं गळाली, तोंड उघडं पडलं. मी म्हणालो, हे सगळं त्याचंच काम. त्याच्या दहशतीनं मिटायलेत. मला रागात दुसरं काही सुचत नव्हतं. आणि दर संध्याकाळी फोनवर, "ठणठणीत."

एक दिवस मी बाही वर केली आणि हातच घातला बिळात. मंडळी ओरडली, "अहो, ते माणसाचं बोट तोडतंय म्हनं!" मी म्हणालो, "मीही तोडतो." बोटांना त्याचं अंग लागलं, गुळगुळीत, वळवळणारं. मी आवळलं. मग अंगठ्यावर घण पडला. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. नख मधोमध उभं फुटलं, मांस उघडं पडलं, टाकीत रक्ताचा धूर झाला. नारंगी मादी त्या रक्तातून येऊन वर मलाच चावली. डॉक्टरनं टाके घातले. विचारलं, "कशानं लागलं?" मी म्हणालो, "मारामारीत." डॉक्टर म्हणाला, "ह्या वयात?" मी म्हणालो, "समोरचाही काही तरणा नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलत भाऊ आला. मी एका हाताला फडकं बांधून, दुसऱ्या हातात तार घेऊन बसलेलो. मोठं फूल रात्रीतून विरघळलं होतं, खोलीत कुजका वास सुटला होता. मंडळी हंडा कडेवर घेऊन टाकीजवळ उभी होती, पाणी सोडत होती. चुलत भाऊ नाक दाबून हसला.

"भाऊ, एवढं युद्ध कशाला मांडलं? चिमूटभर मोरचूद टाका की. आपल्या विहिरीत शेवाळ झालतं तवा टाकला न्हवता का? शेवाळ गेलं, गोगलगाई गेल्या, खेकडे गेले, सगळं साफ. मासे तेवढे राहिले."

तो हसत होता. मी टाकीत बघितलं. शंख गेले, खेकडे गेले, पोवळी गेली. मासे तेवढे राहिले होते, ठणठणीत. पाणी सोडत असलेला हंडा तांब्याचा. चिंचेनं घासून लखलखीत केलेला, आणि आतल्या काठाला मोरचुदाच्याच रंगाची बारीक हिरवी-निळी कड. मोरचूद म्हणजे तरी काय, तांब्याचंच विष.

"थांब," मी ओरडलो. "थेंब टाकू नको!"

"का? काल रातीचं स्वच्छ पानी हाय."

"तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं?"

"मग कशात ठेवू? प्लास्टिकात? देवघरात तांब्याचं, आजाऱ्याला तांब्याचं. मानसाला चांगलं ते मासोळीला वाईट कसं?"

"तांब्यात ताक ठेवतेस का?"

"ताक कळकतंय," ती म्हणाली. आणि तिथंच थांबली. ताक कळकून माणसं ओकून मेलेली आमच्या पिढीनं बघितलीत. पण पाणी कळकतं हे कुणाच्या ध्यानीमनी असणार? पाणी रोज उडून जात होतं. त्यातलं तांबं उडत नव्हतं. रोज थोडं, रोज थोडं, मिठासारखं मागं राहत होतं.

ती हंडा घेऊन अंगणात गेली. मला वाटलं, पाणी ओतायला गेली. कुऱ्हाड घेऊन आली ती सरपणातून, आणि कुऱ्हाडीच्या पाठीनं हंड्यावर घाव घातला. तिच्या आईनं दिलेला हंडा. गळ्यावर आईचं नाव कोरलेलं. नांदायला आली तेव्हा डोक्यावर घेऊन आली होती. पहिल्या घावाला हंडा उडून भिंतीवर गेला. तिनं तो पायाखाली धरला आणि मारत सुटली. मी मागून धरायला गेलो, तर तिचं कोपर माझ्या छातीत बसलं, मी खालीच बसलो.

"लेकीनं त्या राक्षसाच्या घरातनं काढून आनली," घाव घालता घालता ती बोलत होती, "आन म्या हितं पाजून पाजून मारली. माझ्या हातानं. रोज आंघूळ करून!"

चुलत भाऊ जागचा हलला नाही. गावात मी बैलाच्या शिंगावर गेलेला माणूस बघितलाय, विळ्यानं भांडलेले भाऊ बघितलेत. त्या बाईला मी जितका भ्यालो तितका कुणालाच नाही. हंडा पत्र्यासारखा सपाट झाला, नाव कुठं गेलं ते कळेना, तेव्हा तिनं कुऱ्हाड टाकली आणि म्हणाली, "उठा. पानी बदलायचंय."

मी तार घेऊन आत गेलो. ठोसेवाला बिळाच्या बाहेर होता. कडेवर पडलेला. डोळे फिरत होते पण ढिले, मुठी उघड्या पडलेल्या. इतके दिवस मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो हा. तार घातली असती तर हललाही नसता. पण त्याला मी पाडलं नव्हतं. पडलेल्यावर मी वार करत नाही, जावयालाही पडल्यावर सोडलं होतं. प्लास्टिकच्या नव्या बादलीत ताजं खारं पाणी केलं आणि त्याला ताटलीनं उचलून त्यात सोडलं.

मग नवीन पिंपं आली, जार आले, लेकीनं ठेवलेल्या मिठाची बोचकी फुटली. काढा आणि भरा, काढा आणि भरा. पाण्यातलं विष शोषणारा कोळसा पिशवीत बांधून टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या मोटारीपुढं लटकवला. दोघं म्हातारे, माझा एक हात निकामी. मंडळी माझ्याशी बोलत नव्हती, नुसती बादली पुढं करायची. कुजलेलं फूल मी उकिरड्यावर टाकलं नाही, परसात शेवग्याखाली पुरलं.

एवढं होऊनही मी लेकीला सांगितलं नाही. मंडळी म्हणाली, "सांगा तिला." मी म्हणालो, "आधी जगवतो, मग सांगतो." हट्ट म्हणा. माझ्या तोंडून "मेले" हा शब्द निघत नव्हता.

ती सुट्टीला आली. उंबऱ्यातच थांबली, नाक वर केलं. टाकीत नारंगी जोडी होती, उघड्या दगडावर फिरत होती. एका कोपऱ्यात पोवळ्याचे थोडे ठिपके तग धरून होते. बाकी सगळं बोडकं.

"मारलं म्या," तिची आई म्हणाली. "हंड्याच्या पान्यानं. ठाऊक न्हवतं माय."

लेकीनं आईचा हात धरला. मग माझ्याकडं वळली.

"कवापासून मरायलेत दादा?"

मी टाकीची काच पुसायला लागलो.

"रोज संध्याकाळी तुमी मला ठणठणीत म्हणायचे. कवापासून?"

"तुला तिथं फिकीर नको म्हणून..."

"तो बी हेच म्हणायचा. तुला फिकीर नको म्हणून न्हाई सांगितलं."

माझा हात वर गेला. मला त्या माणसाच्या पंगतीला कुणी बसवावं! ती मागं सरली नाही. हाताकडं बघत राहिली, ज्यांनी मार खाल्लाय ते बघतात तसं, कुठून येईल ते आधीच ठाऊक असल्यासारखं.

"मारा," ती म्हणाली. "मारल्यानं खरं होणार न्हाई ते."

हात खाली आला तो दाराच्या चौकटीवर. टाके उसवले. रक्त लाकडावरून उंबऱ्यापर्यंत ओघळलं. कुणी फडकं आणायला धावलं नाही. माझं मीच बांधलं.

सुट्टीभर ती टाकीत हात घालून होती. मेलेले दगड घासले, मोटार खोलून धुतली, पाणी तपासलं. आईला शेजारी बसवून सगळं शिकवलं. नळी कशी वाचायची, मीठ किती, पिंप कोणतं. मी खुर्चीत असून नसल्यासारखा. चुलत भाऊ काहीतरी थट्टा करायला आला तर लेकीनं ओली जाळी त्याच्या तोंडावर झटकली. तो निघून गेला.

जायच्या दिवशी तिनं पिशवी खांद्याला लावली. मी उभा राहिलो. म्हणालो, "काळजी करू नको, मी..."

"आईला सांगितलंय समदं," ती म्हणाली. "फोन आईला करीन. आईनं पहिल्याच तोंडाला खरं सांगितलं. तुमी टाकीत हात घालायचा न्हाई."

माझ्या घरात, माझ्या पैशाच्या काचेत, मी हात घालायचा नाही. मी एकदाही "चुकलं" म्हणालो नाही आणि आताही म्हणणार नाही. पण मी वाटेतून बाजूला झालो. अट तिनं आधी सांगितली होती, आणि शब्द मी दिला होता.

दारातून ती परत आली. परसातल्या बादलीकडं बोट दाखवलं.

"तेवढा एक तुमी सांभाळा. ह्याला टाकीत घेता येत न्हाई, बाकीच्यांना खातंय. जोडी चांगली जमंल तुमची."

आता सकाळी मंडळी टाकीपाशी आणि मी परसात. ती आतून हुकूम सोडते, "पिंप धुवा. तांब्याच्या गडव्याला हात लावून आलात का? साबनानं धुवा हात." मी धुतो. ठोसेवाला बरा झालाय, रंग परत चढलाय, बादलीत उंडारतोय. त्याला मी चिमट्यानं झिंग्याचा तुकडा दाखवतो. तो तुकड्याकडं बघत नाही, माझ्याकडं बघतो, एका डोळ्यानं. मग चिमट्याला असा ठोसा घालतो की बादलीतलं पाणी माझ्या तोंडावर उडतं. मी शिवी देतो आणि दुसरा तुकडा धरतो.